तुंबानाथाची भिक्षा

तुंबानाथ तेरणेच्या पुरावरून चालत आला, असं आमच्या टेंभुरवाडीत अजूनही सांगतात. सांगणाऱ्याला कुणी विचारत नाही, की बाबा, तो आला तेव्हा माघ संपत आला होता, नदीत म्हशीला बसायला पाणी नव्हतं, मग पूर आला कुठून? पण साधूच्या गोष्टीत पाणी कधी कमी पडत नाही. औशाच्या बाजारात आणि बिलोलीच्या जत्रेत तो एकाच दिवशी दिसला होता म्हणतात. नाग त्याच्या तुंब्यातलं पाणी प्याला म्हणतात. निजामाच्या एका अंमलदाराचा घोडा त्याच्यापुढं गुडघे टेकून बसला, तो अंमलदारानं कोरडे ओढले तरी उठेना, असंही म्हणतात. ही सगळी कीर्ती त्याच्या आधी गावात येऊन बसली होती. तो स्वतः आला त्या दिवशी मात्र सिंधु भाकरी थापत होती, आणि तिला घाई होती.

ज्वारी काढणीचा तिसरा दिवस होता. पार्वतम्मा आपल्या बारा बाया घेऊन नदीकडच्या पट्टीत गेलेली. सिंधुला न्याहारीच्या भाकरी पाटीत घालून त्यांच्या मागं पळायचं होतं. तेवढ्यात दारात आवाज आला.

"अलख! माई, भिक्षा वाढ."

जोगी दारात येणं काही नवं नव्हतं. तिनं पिठाची मूठ भरली आणि उंबऱ्याशी आली. समोर राख फासलेला, जटा वाढलेला, हातात भोपळ्याचा तुंबा घेतलेला एक वाळका माणूस. तिचं लक्ष त्याच्या पायांकडं गेलं. डाव्या पायाची करंगळी चेंगरलेली, नख नसलेली. ती करंगळी गाडीच्या चाकाखाली सापडली तेव्हा हिनंच तिच्यात हळद भरली होती.

तिची मूठ घट्ट झाली. पीठ बोटांतून थोडं सांडलं. ती मागं वळली, मूठ डब्यात रिकामी केली, पाटी डोक्यावर घेतली आणि दाराला कडी लावून त्याच्या अंगावरून निघून गेली.

"माय, कोण हाय ते?" तेरा वर्षांची चंद्रा मागून पळत विचारू लागली.

"कुणी न्हाई. बिगीबिगी चल."

तो हणमंत होता, तिचा नवरा. बारा वर्षांमागं ऐन नांगरटीत तो गेला. नांगर तासात रुतलेला, बैल जू घेऊन दुपारपर्यंत उभे, आणि हा गायब. चंद्रा तेव्हा वर्षाची होती. त्या आधीही त्याचं चित्त कधी घरात नव्हतं. जेवता जेवता उठायचा, कुणी गोसावी दिसला की मैलभर मागं जायचा. भुताला पाय उलटे तसे ह्याला पाय नेहमी बाहेरचे, असं त्याची आई म्हणायची. पाच-सहा वर्षांनी खबर आली, की तो जोगी झाला, बिलोलीच्याही पलीकडं कुठल्या मठात आहे. सिंधुनं कुंकू तेवढंच ठळक लावलं आणि पेरणीची पाभर धरायला शिकली.

आता जोग्यांचं असं असतं, की बारा वर्षं झाली म्हणजे त्यानं आपल्या गावात यायचं, आपल्याच दारात उभं राहायचं, आपल्याच बायकोला 'माई' म्हणायचं आणि तिच्या हातची भिक्षा घ्यायची. तिनं वाढली की तो तिचा लेक झाला, नवरा उरला नाही. मग ती बांगड्या फोडते, कुंकू पुसते, घरचे लोक गवताचा पुतळा करून त्याचं क्रियाकर्म उरकतात. त्याचं तप पुरं झालं, आता गुरू त्याचे कान फाडून त्यात मुद्रा घालणार. तिनं वाढली नाही, तर तो त्या गावात दुसऱ्या कुणाच्या हातचा घासही खाऊ शकत नाही. बसून राहायचं, नाहीतर तोंड फिरवून जायचं.

हणमंत बसून राहिला. दारासमोरच्या लिंबाखाली.

दुपारी थोरला दीर किशनराव शेतात आला. एरवी तो तिच्या पट्टीत पाऊल टाकत नसे. सिंधुनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि ज्वारीचं धाट उपटता उपटताच ऐकू लागली.

"चंद्राची माय, भाग्य लागतं असं. घरातला माणूस नाथ होऊन आला. कामून उपाशी ठेवून राहिलीस?"

"भावजी, काढणी चालू हाय."

"मूठभर पिठाला किती वेळ लागतो? आन् तुला मी काय उघड्यावर टाकणार हाव का? भाकर मिळंल, वर्साला लुगडं मिळंल. पोरीचं लगीन मी करीन."

त्याच्या गोड बोलण्यात एवढंच होतं. दोघा भावांची वाटणी कधी झाली नव्हती. सासऱ्यानं, शेषेरावानं, मरताना तोंडानं सांगितलं होतं, की नदीकडची पट्टी धाकट्याची, माळाकडची थोरल्याची. कागद एकच. हणमंत जिवंत आहे तोवर सिंधु त्याच्या नावावर पट्टी कसत होती आणि कुणाच्या बापाची हिंमत नव्हती. पण तो जगाला मेला, की मुलगा नसलेल्या बाईचा वाटा काय? सगळी जमीन थोरल्याची, आणि सिंधु त्याच्या दारची भाकरी खाणारी रांड. मूठभर पीठ वाढायचं म्हणजे आठ एकर काळी जमीन, कपाळाचं कुंकू आणि पोरीचा उद्याचा दिवस, सगळं एकाच वेळी त्या झोळीत टाकायचं.

"बघते," ती म्हणाली आणि पुढच्या धाटाला हात घातला.

जोग्याबरोबर त्याचा एक चेला आला होता, व्यंकट नावाचा, देगलुराकडचा. जाडजूड, बोलका. बंधन गुरूला होतं, ह्याला नव्हतं, त्यामुळं तो किशनरावाच्या घरी दोन वेळा यथेच्छ जेवत होता. जेवून झालं की पारावर बसून गोष्टी सांगे. नागाची सांगे, घोड्याची सांगे. "महाराज उपाशी उठले त्या गावच्या जवारीला काणी पडली! कणसात दाणा न्हाई, नुसती काळी भुकटी!" हे त्यानं सांगितलं मात्र, आणि ज्याचं त्याचं लक्ष आपल्या वावराकडं गेलं. शिवारातली अर्धी ज्वारी अजून उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्वतम्मा एकटीच सिंधुच्या दारात आली. ती सीमेकडची, अर्धं कन्नड बोलणारी, गावातल्या सगळ्या बायांची मुकादम. लिंबाखालच्या जोग्याला तिनं लांबूनच हात जोडले.

"अव्वा, आज बाया येत न्हाईत."

"का? मजुरीची पेंढी लहान झाली का?"

"तसं न्हाई. भुक्या जोग्याच्या शापातल्या वावरात हात घातला, की काणी हातानं घरी जाती म्हणून राहिल्यात. मी किती सांगितलं. ऐकत न्हाईत." मग खाली बघत ती म्हणाली, "माझ्याबी लेकाचं वावर उभं हाय, अव्वा. मीबी येत न्हाई."

सिंधुला असा संताप आला, की हातातली घागर फोडावी. हीच पार्वतम्मा हणमंत गेला त्या रात्री तिच्या शेजारी बसली होती. पण संतापून ज्वारी निघत नाही. ती आणि चंद्रा दोघीच निघाल्या.

रब्बीची ज्वारी आमच्याकडं विळ्यानं कापत नाहीत, मुळासकट उपटतात. माणसाच्या डोक्याच्या वर गेलेलं धाट दोन्ही हातांनी धरायचं, कमरेतून झटका द्यायचा, मूळ मातीतून सुटलं की पायाच्या नडगीवर आपटून ढेकूळ झाडायचं आणि ओळीत आडवं टाकायचं. बारा बाया ओळीओळीनं पाती धरून चालल्या, की काम गाण्यावर निघून जातं. दोघींनी करायचं म्हणजे दुपारपर्यंत तळहाताला फोड आणि संध्याकाळपर्यंत फोडाचं रक्त. पानांच्या कडा मानेला, कानाला कापत होत्या. चंद्रा रडत नव्हती, पण दर दहा धाटांनी फुंकर मारायला हात तोंडाशी नेत होती. पाखरांचे थवेच्या थवे कणसांवर उतरत. दोघी हाकारत, पाखरं दहा हात पलीकडं जाऊन पुन्हा बसत. त्यांना शापाचं भय नव्हतं.

मावळतीला पश्चिमेकडं आभाळ तांबूस झालं आणि त्याच्या खाली एक काळी कड दिसली. माघाच्या शेवटाला असलं आभाळ चांगलं नसतं. गारा पडल्या की कणीस जमिनीत जातं.

घरी आल्या तर लिंबाखाली बायांची गर्दी. कुणी दूध आणलेलं, कुणी केळी. जोगी कशालाच हात लावत नव्हता. ओठ फुटले होते, पोट पाठीला गेलं होतं. लोक सिंधुकडं असे बघत होते, जशी तीच त्याचं पोट हातानं दाबून बसली आहे. जाऊ लक्ष्मीबाई मोठ्यानं म्हणाली, "आमच्या घरात असलं काळीज कुणाचं नव्हतं बाई." सिंधु सरळ आत गेली, चूल पेटवली आणि धुराचं निमित्त करून डोळे पुसले. तिला त्याची दया येत होती, हाच तर खरा राग होता. बारा वर्षांत ह्याला कधी वाटलं नाही, की आपली बायको जेवली असेल का. आणि हिला मात्र एक घासही घशाखाली उतरेना.

तिसऱ्या दिवशी उजाडताच ती पटवाऱ्याकडं गेली. अनंतराव पटवारी सोवळ्यातून उठून, उपरणं खांद्यावर टाकत ओट्यावर आले. माणूस तिरसट, पण कागदाला प्रामाणिक.

"रावसाहेब, त्येंचा वाटा माझ्या नावावर होतो का?"

"त्याने स्वतः मागितला तर होतो. चावडीवर यावं, पंचांपुढं उभं राहून म्हणावं, की मी हणमंत वल्द शेषेराव, माझा हिस्सा अलग करून बायकोला देतो. अंगठा द्यावा. मी लिहून औशाला तहसीलला रवाना करीन."

"आन् भावजींनी हरकत घेतली तर?"

"भिक्षा घेईपर्यंत तो जिंदा आहे, बाई. जिंदा माणसाला वाटणी मागायचा हक्क आहे. एकदा का तू पीठ वाढलंस, की मग माझी लेखणी काही करू शकत नाही."

ती तशीच लिंबाखाली आली. व्यंकट किशनरावाकडं न्याहारीला गेला होता. सकाळच्या उन्हात जोगी डोळे मिटून बसला होता. बारा वर्षांनी ती त्याच्यासमोर पहिल्यांदा खाली बसली.

"ऐका. तुमाला भिक्षा पायजे नव्हं? देते. पर आधी चावडीवर चला, आपलं नाव सांगा, पट्टी माझ्या नावावर करा. मंग म्हणा मला माई म्हणायचं तर."

त्यानं डोळे उघडले. मग म्हणाला, "ते नाव घेता येत न्हाई."

"कोणतं?"

"जुनं. भिक्षा मिळंपातूर आपल्या तोंडानं जुनं नाव घेतलं की तप मोडलं. बारा वर्सं गेली. पुन्ना पयल्यापून मोजायची."

"मंग अंगठा द्या. बोलू नका."

"नाव सांगितल्याबिगर अंगठा कुणाचा म्हणून लिवतील?"

हे खरं होतं. सिंधु मातीत बोटानं रेघा ओढत बसली. मग एकदम तिचा आवाज चढला. "बारा वर्सं! तुमची बारा वर्सं लई मोलाची. माझी कुठं गेली? नांगर सोडून गेलात तवा बैल तहानेनं हंबरत व्हते. मी तान्ही पोर झोळीत घालून त्येंना सोडवायला गेले. तवाधरनं सोडवूनच राहिलेय."

तो मारत असता, भांडत असता तर बरं, असं तिला वाटलं. नुसता गप्प बसणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं? ती उठली आणि शेताकडं गेली.

त्या दिवशी वारा पडला होता. उकडत होतं. पश्चिमेची काळी कड दुपारी डोक्यावर आली आणि औशाच्या बाजूला आभाळ गुरगुरू लागलं. पट्टीतली निम्मी ज्वारी अजून उभी होती. सिंधुच्या हातांना चिंध्या बांधलेल्या, त्याही लाल झालेल्या. तिनं मान वर केली तर बांधावर जोगी उभा. काठी टेकत, धापा टाकत आला होता. तीन दिवसांच्या उपाशी माणसाला तेवढी अर्ध्या कोसाची वाटही जड गेली असणार.

तो चंद्राकडं बघत होता. पोरगी एका धाटाशी झोंबत होती. धाट हलेना, तसा तिनं दातावर दात दाबून झटका दिला आणि मूळ सुटताच पाठीवर आदळली. उठली, परकर झाडला, पुन्हा धाट धरलं. मग तिला तो दिसला. ती घाबरली नाही, पुढं गेली.

"तुमी खरंच पुरावरनं चाललाव?"

"न्हाई," तो म्हणाला. "गुडघाभर पाणी व्हतं."

"आन् नाग?"

"नाग दिसला की मी पळतो."

चंद्रा खुदकन हसली. "माझी मायबी." मग हात पुढं करून फोड दाखवत म्हणाली, "ह्येच्यावर काय औषध हाय का तुमच्या तुंब्यात?"

त्यानं तिचा हात घेतला. उलटसुलट करून पाहिला. मोठ्या झालेल्या पोरीचा हात त्यानं आयुष्यात पहिल्यांदा धरला होता. सिंधुनं हे लांबून पाहिलं आणि पाठ फिरवली. तिला ते बघायचं नव्हतं. थोड्या वेळानं वळली तर तो बांधावर नव्हता, गावच्या वाटेला लागला होता.

तो घराकडं गेला नाही. चावडीकडं गेला.

सिंधुला निरोप सांगायला पार्वतम्मा स्वतः धावत आली. चिंध्या सोडायलाही सवड न मिळता सिंधु चावडीवर पोचली, तेव्हा ओट्यावर पाटील, पंच, अनंतराव, आणि खाली सगळा गाव गोळा झाला होता. व्यंकटानं गुरूचा हात धरला होता. "महाराज, नका! चार घटका दम धरा, बाई नरमेल! मठातल्या गुरूंना काय तोंड दाखवायचं?"

किशनरावही पुढं झाला. "रावसाहेब, साधूला कसली वाटणी? उपाशीपोटी भ्रम झालाय त्येला."

"साधू अजून झालाय कुठं?" अनंतराव चष्मा पुसत म्हणाले. "भिक्षा घेतली का? नाही ना? मग गप राहा." त्यांनी कागद पुढं ओढला, लेखणी बुडवली. "हं. नाव?"

औशाकडं पुन्हा गडगडलं. जोग्यानं एकदा आभाळाकडं पाहिलं. त्याला ते नाव बाहेर काढायला केवढे श्रम पडत होते, हे समोरच्या शेंबड्या पोरालाही दिसत होतं. सिंधुच्या मनात आलं, ओरडून म्हणावं, राहू द्या. खरंच ओठापर्यंत आलं. पण शेजारी चंद्रा उभी होती.

"हणमंत," तो म्हणाला. आवाज फाटका. मग पुन्हा, नीट: "मी हणमंत. शेषेरावाचा लेक. माझा वाटा अलग करा. नदीकडची पट्टी बायकोला देतो."

व्यंकटानं कपाळावर हात मारून घेतला आणि खालीच बसला. अनंतरावांची लेखणी करकरत चालली. हणमंतानं अंगठा दिला. पंचांनी दिला. किशनराव "बघून घेतो" म्हणाला, पण ते कुणाला हे त्यालाही ठाऊक नव्हतं. पार्वतम्मा आपल्या बायांवर खेकसली, "बघून काय राहिलाव? महाराजांनी स्वतःच वावर तिला दिलं, आता कसला शाप? उठा, आभाळ उतरायच्या आत पाती धरा!" आणि सगळ्या बाया पदर खोचत नदीकडं पळाल्या.

सिंधु घरी आली. भाकरी थापली, ताटात पिठलं वाढलं, पाण्याचा तांब्या भरला आणि उंबऱ्याशी उभी राहिली. हणमंत पायरीपाशी आला. आता तो तिला माई म्हणू शकत नव्हता, आणि दुसरं काय म्हणायचं हे त्याला आठवत नव्हतं.

"बसा," ती म्हणाली.

तो पायरीवर बसून जेवला. सावकाश, लहान घास घेत. कोरड्या घशानं ठसका लागला तेव्हा तिनं तांब्या पुढं केला. ही भिक्षा नव्हती. घरचा माणूस जेवत होता, ती वाढत होती, एवढंच होतं. तिला वाटलं, हे असंच चालू राहावं, ह्याला अजून एक भाकरी लागावी.

"घ्या की अजून."

"बास."

"राहा चार दिवस. कणसं मोडायची हायत. मग..."

त्यानं तुंबा उचलला. "उद्यापून पयला दिवस धरायचा. गावात ऱ्हाऊन न्हाई धरता येत." मग उंबऱ्याकडं न बघता म्हणाला, "पट्टीच्या खालच्या टोकाला पाणी साचतं. चर काढ."

"काढलाय. सात वर्सं झाली."

तो मान हलवून निघाला. रस्त्यात व्यंकट त्याच्या मागं कुरकुरत चालला होता. सिंधुला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. पट्टी मिळाली, कुंकू राहिलं. आणि तरी दाराची चौकट धरून ती अशी रडली, की बारा वर्षांत रडली नव्हती. तिला रडायला कारण सापडत नव्हतं, म्हणून जास्तच रडू येत होतं. त्यानं एवढं दिलं, आणि मागितलं काय, तर मूठभर पीठ. ते हिनं दिलं नाही.

मग नाक पुसून ती शेताकडं निघाली. टपोरे थेंब पडू लागले होते, गारा अजून नव्हत्या. बाया गाणं न म्हणता झपाट्यानं उपटत होत्या. सिंधु चंद्राशेजारच्या पातीला लागली. चार-पाच धाटं काढली आणि थांबली.

"चंद्रे, बारा वर्सांनी मी किती वर्सांची व्हईन गं?"

चंद्रानं फोड आलेल्या बोटांवर मोजलं. "चव्वेचाळीस."

"तवा देईन," सिंधु म्हणाली, आणि पुढचं धाट दोन्ही हातांनी धरलं.